साखरपुड्याची अंगठी आली कुठून?

सोयरीक जुळली की घरात पहिली चर्चा अंगठीची. मुलाला किती ग्रॅमची, मुलीला साधी की खड्याची? अलीकडे तर हिऱ्याचीच हवी, असा हट्टही कानावर येतो. ‘रीतच आहे तशी’ एवढे कोणी म्हटले की आईवडिलांचे तोंड बंद होते आणि पतपेढीचा अर्ज भरला जातो. म्हणून ही रीत किती जुनी आणि कोणी पाडलेली, हे वाचक बंधू-भगिनींनी एकदा पाहावे.

साखरेचा पुडा हाती देऊन बोलणी पक्की करायची, तो साखरपुडा. त्या नावात अंगठी कुठेच नाही. लग्न ठरल्याची अंगठी ही जुन्या रोमन लोकांची चाल, आणि तीही लोखंडाची! इ. स. ७९ मध्ये वारलेला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला आहे की, त्याच्या काळातही नियोजित वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवीत. सोने मागाहून आले. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटातून एक शीर थेट हृदयाला जाते, अशी तेव्हाची समजूत. म्हणून अंगठी त्या बोटात. अशी खास शीर त्या बोटात नसते, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

हिऱ्याचे म्हणाल तर १४७७ सालचे उदाहरण देतात. ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली. पण ही राजघराण्यातली गोष्ट. १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला, पुढे किंबर्लीला खाणी सुरू झाल्या आणि हिऱ्यांचे ढीग लागले. माल वाढला की भाव उतरणार. तो उतरू नये म्हणून १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सने खाणी एका मुठीत आणून डी बिअर्स ही कंपनी उभी केली. किंबर्लीच्या काळ्या कामगारांना, हिरे चोरतील या संशयावरून, कराराची मुदत संपेपर्यंत कुंपण घातलेल्या आवारात कोंडून ठेवीत. बाहेर सोडताना अंगझडती घेत. कष्ट त्यांचे आणि चोर ठरले तेच!

पुढचे काम जाहिरातीने केले. १९३८ मध्ये कंपनीने अमेरिकेत एक जाहिरात संस्था नेमली. १९४७ मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा म्हणजे कायमचा, अशा अर्थाचे घोषवाक्य लिहिले. बाईंनी स्वतः लग्न केले नाही, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. १९८० नंतरच्या जाहिराती तर अमेरिकन तरुणाला सांगू लागल्या की अंगठीला दोन महिन्यांचा पगार लावावा. जपानमध्ये तीन महिन्यांचा! पगार आपला, हिशेब दुकानदाराचा. त्या जपानात १९६७ साली शंभर नवऱ्या मुलींत पाच जणींकडेही हिऱ्याची अंगठी नव्हती. १९८१ पर्यंत ती सुमारे साठ जणींच्या बोटात होती. चौदा वर्षांत ‘रीत’ तयार झाली.

एवढी किंमत मोजलेला हिरा अडचणीच्या वेळी विकायला न्यावा, तर घेतल्या भावाच्या पुष्कळ खाली मागतात. आता तर कारखान्यात बनवलेले हिरे आले आहेत. तोही कार्बनच, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही आणि किंमत कितीतरी कमी. त्यामुळे जास्त पैसे नेमके कशाचे, हे दुकानात विचारायला लाजू नये.

सोने मोडले तर निदान वजनाचे पैसे येतात. घडणावळ मात्र बुडते, म्हणून नक्षीपेक्षा साधे वळे परवडते. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांकही लागतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही. तेव्हा नाजूक अंगठी घेताना वजन, कॅरट आणि घडणावळ पक्क्या पावतीवर वेगवेगळी लिहून घ्यावीत.