भोक किती अचूक असावं?

आज आपण 'अचूक' या शब्दाचा विचार करू. त्यासाठी आपल्या भंडारा जिल्ह्यातलीच दोन कामं घेऊ: भंडारा शहराचं जुनं पितळकाम, आणि गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात बनणारे गिअरबॉक्स.

पितळी बादलीला कान बसवताना रिव्हेटचं भोक थोडं सैल झालं तरी भागतं. ठोकल्यावर रिव्हेट फुगतो आणि भोक भरतो. यंत्राचे दोन भाग एका ओळीत धरणाऱ्या पिनेचं मात्र तसं चालत नाही. समजा, भोक २० मिलिमीटरचं आहे. ड्रॉइंगवर 'एच-७' लिहिलं असेल, तर ते २०.००० ते २०.०२१ पर्यंत कुठेही चालतं. पिनेवर 'जी-६' असेल, तर ती १९.९८० ते १९.९९३ हवी. मग कुठलीही पिन कुठल्याही भोकात बसते. फट किमान ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. दूरच्या गावात सुटा भाग बदलणाऱ्या मेकॅनिकला कानस घ्यावी लागत नाही, ती यामुळे.

हे माप नुसत्या ड्रिलने सहसा मिळत नाही. धार लावताना टोकाच्या दोन बाजू कमी-जास्त झाल्या की भोक मोठं होतं; पंच नीट मारला नाही तर ड्रिल सरकतं. म्हणून आधी साधारण १९.७ चं भोक पाडायचं, मग रीमर फिरवायचा. तपासायला गो-नो गो गेज असतो: एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नेमकं माप किती, हे तो सांगतच नाही!

अगदी २०.००० चं भोक कुणीच पाडू शकत नाही. चूक किती चालेल हे आधी ठरवलं, तरच 'बरोबर' या शब्दाला अर्थ येतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलंच आहे, की काटकोन सुताराला कामापुरता हवा असतो, भूमितीकाराला वेगळ्या कारणासाठी.

मग टॉलरन्स जितका कडक तितकं चांगलं का? नाही. गरज नसताना आकडा आवळला, की खर्च वाढतो आणि कामगाराने नीट केलेला जॉबही भंगारात जातो. म्हणून टेबलावर बसून आकडा लिहिणाऱ्याने आधी विचारावं: या भोकात बसणार काय आहे?