मूल हाकेला वळत नसेल तर वाट पाहू नका : ऑटिझमची तपासणी केव्हा, कुठे आणि कशी

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. त्या दिवसांत आपल्याकडे जयंतीची वर्गणी, बॅनर, मिरवणुकीची परवानगी यांची धावपळ सुरू असते. त्यामुळे हा दिवस वस्तीत कधी येतो आणि जातो हे कळतही नाही. पण बारा दिवसांनी त्याच मिरवणुकीत डीजे सुरू झाला की दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळणारे, किंवा एवढ्या गर्दीत कुणाकडेही न पाहता खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवत बसलेले एखादे मूल दिसते. लोक म्हणतात, लाडावलेले आहे. आवाजाला घाबरणारे प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसते हे खरे. मात्र अशा मुलाकडे नीट पाहायला हवे, आणि ते दोन-तीन वर्षांचे असतानाच पाहायला हवे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आम्हाला फारसा पटत नाही, कारण त्यातून मूल मुद्दाम स्वतःत रमले आहे असे वाटते. प्रत्यक्षात हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे आणि तो जन्माआधीपासूनच घडत असतो. दुसऱ्याशी संवाद साधणे, नजर आणि हावभाव समजून घेणे, आवाज, उजेड, स्पर्श झेलणे हे त्या मुलाचे वेगळ्या रीतीने चालते. हा संसर्ग नाही, वेडही नाही.

घरच्यांना सर्वात आधी खटकते ते बोलणे. पण खुणा त्याही आधी दिसतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी आकाशातले विमान किंवा रस्त्यावरचे कुत्रे बोटाने दाखवत नाही. काही हवे असेल तर आईचा हात धरून तिथे नेते, जणू तो हात म्हणजे एखादे अवजार. खोटा-खोटा चहा पिण्यासारखे खेळ खेळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलणे नाही. काही मुले बोलतात, पण 'तुझे नाव काय?' विचारले तर 'तुझे नाव काय?' हेच परत म्हणतात. चपला रांगेत लावणे, पंजांवर चालणे, हात फडफडवणे, ठरलेल्या वाटेनेच जाण्याचा आग्रह, हेही दिसते. यातील एखादी गोष्ट सुटी दिसली म्हणून घाबरू नये. मात्र येत असलेले शब्द किंवा हसणे-खेळणे एखाद्या मुलाने गमावले, तर कोणत्याही वयात एक आठवडाही दवडू नये. मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. 'शांत आहे, लाजाळू आहे' म्हणून त्या सुटून जातात.

आता अडथळ्यांकडे येऊ. पहिला अडथळा घरातल्या मोठ्यांचा: 'याचा बाप पण चार वर्षांनी बोलला होता.' बोलला असेल. पण मेंदू सर्वात जास्त घडतो तो काळ याच वाट पाहण्यात जातो. मूल निव्वळ उशिरा बोलणारे निघाले, तर तपासणीने काहीच बिघडत नाही.

दुसरा अडथळा जास्त खोल आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही अशा मुलाला अंगारा लावायला, देवऋषीकडे न्यायला लोक निघतात. आजी हळूच म्हणते, मागच्या जन्माचे काहीतरी असेल. आणि हे 'काहीतरी' शेवटी आईच्याच माथी येते. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना नेमके हेच विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का? तथागत हे मत मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतूंतील बदल अशी शरीरातील आणि निसर्गातील कारणे ते मोजून दाखवतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला आहे. जन्मावरून माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आईला दोष देण्याची चूक शास्त्राच्या नावानेही झालेली आहे. आईच्या 'थंड' वागण्याने ऑटिझम होतो, असे पाश्चात्त्य देशांत १९५० आणि ६०च्या दशकांत मानत असत. ते खोटे ठरले. लसीमुळे होतो हा दावा १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. लसी चुकवू नका. मोबाइल जरूर कमी करा, पण 'मोबाइल बंद केला की बोलेल' म्हणत तपासणी पुढे ढकलू नका.

तिसरा अडथळा पैशांचा, आणि इथे माहिती नसल्यामुळे लोक फसतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवे. शंका असलेल्या मुलाला ते पुढे पाठवते ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत. हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयात असते आणि सेवा मोफत असते. पथकाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही, पालक थेट तिथे किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जाऊ शकतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नागपुरात संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे.

तिथे सर्वात आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. बेरा नावाची चाचणी मूल झोपलेले असताना करतात. त्यानंतर विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टर किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ असे दोन-तीन जण मुलाला पाहतात, त्याच्याशी खेळतात आणि पालकांना भरपूर प्रश्न विचारतात: बाळंतपण कसे झाले, मान केव्हा धरली, पहिला शब्द कोणता. ऑटिझम दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयमध्येही तो दिसत नाही. सगळी भिस्त निरीक्षणावर आणि पालकांच्या उत्तरांवर असते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, जुने कागद आणि मोबाइलवर काढलेले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या. जेवताना, एकटे खेळताना, हाक मारल्यावर, पाहुणे आल्यावर. दवाखान्यात मूल घाबरून वेगळेच वागते, तेव्हा हे व्हिडिओ कामी येतात. मुलाला रोज सांभाळणारी आजी किंवा मावशी असेल तर तिलाही सोबत न्या. भारतात निदानासाठी 'इसा' नावाची चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. एका भेटीत उत्तर मिळाले नाही तर चिडू नका, तीन खेपा होऊ शकतात. मात्र थेरपी सुरू करण्यासाठी अंतिम नावाची वाट पाहण्याचे कारण नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

भाषेबद्दल एक गोष्ट. काही ठिकाणी पालकांना 'घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला' असे सांगतात. याला आधार नाही. घरात वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीतच बोला. आईला जी भाषा मनापासून येते, तीत ती जास्त बोलते.

ऑटिझम 'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही असे सांगितले आहे. वाचा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरी रोज मुलासोबत जमिनीवर बसून खेळणे, यांनी मूल आपल्या गतीने पुढे जाते.

निदान झाल्यावर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. 'आधीच जातीचा दाखला, आता दिव्यांगाचा पण?' असे एखादा बाप विचारतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे ते आम्हाला कळते. पण हा कागद म्हणजे हक्क मागण्याचे साधन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करायचा आणि सरकारी रुग्णालयात मुलाला दाखवायचे. लहान मुलाचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, तारीख लिहून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आरटीईच्या वंचित गटात दिव्यांग मुलेही येतात.

हे अर्ज आपले कार्यकर्ते दरवर्षी भरून देतातच. त्यांत एवढे वाढवता येईल: रविवारच्या बालसंस्कार वर्गात अंगणवाडी सेविकेला बोलवा, पथकाची पुढची तारीख विहाराच्या फलकावर लिहा, आणि डीईआयसीला एकट्या निघालेल्या आईसोबत कुणीतरी जा. मजुरी बुडवून तिसऱ्यांदा जाणे बहुतेक घरांना परवडत नाही, आणि तपासणी बहुधा तिथेच सुटते.