यंत्रमानवाचा मेंदू

सावित्री नदीच्या खोऱ्यात महाडची औद्योगिक वसाहत वसली आहे. येथील अनेक कारखान्यांत रसायने तयार होतात. मोठ्या पात्रात रसायन तापत असता त्याची उष्णता ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन चालत नाही. अशा पात्रावर अहोरात्र लक्ष ठेवण्याचे काम आधुनिक कारखान्यात एक लहानशी पेटी करते. तिला ‘पीएलसी’ म्हणतात. तापमापक तिला वार्ता देतो. ती वार्ता आपल्याजवळील सूचनांशी पेटी ताडून पाहते, आणि मग थंड पाण्याची झडप उघडण्याची आज्ञा देते.

पूर्वी हे काम रिले नावाच्या विजेच्या स्विचांच्या जाळ्याने होत असे. कामाचा क्रम बदलला की सारे जाळे नव्याने जोडावे लागे. ही अडचण दूर व्हावी म्हणून अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने 1968 साली नव्या साधनाची मागणी केली, आणि पुढील वर्षी असा पहिला नियंत्रक तयार झाला. आता तारा तशाच ठेवून केवळ सूचना बदलल्या की काम भागू लागले.

विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनविलेल्या यंत्रमानवातही अशाच पेटीचे धाकटे भावंड असते. 2014 साली पुण्यात बालेवाडी येथे ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक विभागातील विद्यार्थ्यांची स्पर्धा झाली. तीत ‘पालक’ यंत्रमानव लहानग्या ‘बालक’ यंत्रमानवाला झोपाळा, सीसॉ अशा खेळांवर घेऊन जात असे. आपण कोठे आहोत, हात केव्हा पुढे करावा, केव्हा थांबावे, हे यंत्राला कळावे कसे? हे जाणणे व ठरविणे हेच मुख्य नियंत्रकाचे काम होय.

परंतु हा मेंदू मोठा नाजूक असतो. विद्यार्थी वापरतात त्या साध्या नियंत्रकाच्या एका टोकातून 5 व्होल्ट दाबाचा, अँपिअरच्या काही शतांशांइतकाच प्रवाह घेता येतो. चाके फिरविणाऱ्या मोटरीला मात्र कित्येक अँपिअर लागतात. म्हणून मोटर थेट नियंत्रकाला जोडली, तर तो जळून जाईल. यासाठी दोहोंच्या मध्ये ‘मोटर-ड्रायव्हर’ नावाचे मंडल बसवितात. नियंत्रक केवळ इशारा देतो; बॅटरीचा मोठा प्रवाह ड्रायव्हरमधून मोटरीकडे जातो. घोडेस्वार लगाम हलवितो, बळ घोड्याचे असते, तसेच हे.

जोडणीचा क्रमही ध्यानात ठेवावा. बॅटरीच्या धन टोकाची लाल तार प्रथम फ्यूजकडे व मुख्य स्विचकडे न्यावी. तेथून एक शाखा मोटर-ड्रायव्हरकडे आणि दुसरी, दाब कमी करणाऱ्या मंडलातून, नियंत्रकाकडे जाते. मोटर सुरू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते. त्या वेळी बॅटरीचा दाब खाली आला, तर नियंत्रक मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून काम सुरू करतो. हे टाळण्यासाठी कित्येक जण त्याला निराळी बॅटरी देतात. तसे केले तरी ड्रायव्हर व नियंत्रक यांची ऋण टोके एकमेकांस जोडावीच लागतात. नाहीतर एकाचा इशारा दुसऱ्याला उमगत नाही.

सर्वांत महत्त्वाची तार थांबविण्याच्या लाल बटणाची. सूचना लिहिण्यात चूक झाली असेल, तर नियंत्रक स्वतःच चुकीची आज्ञा देईल. म्हणून या बटणाने मोटरींचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे. नियंत्रकाच्या संमतीची वाट पाहता कामा नये. शिवाय त्याच्या तारेतून एरवी सतत प्रवाह वाहत असावा. बटण दाबले की प्रवाह खंडित होतो व यंत्र थांबते. ती तार घर्षणाने तुटली तरीही यंत्र थांबते, बेफाम धावत नाही. कारखान्यातही धोक्याच्या यंत्रांवरील अशी बटणे याच नियमाने जोडलेली असतात.

म्हणून यंत्र प्रथम चालविताना त्याची चाके जमिनीपासून उचलून ठेवावी. प्रत्येक तार जोडताना ‘ही तुटली तर काय होईल?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. स्पर्धेच्या मैदानात या प्रश्नाचा विसर पडल्यास डाव हरेल. कारखान्यात मात्र माणसाचे प्राण जातील. ज्याला ही सवय विद्यार्थिदशेत लागली, त्याच्या हाती उद्या मोठी यंत्रे निर्धास्तपणे सोपविता येतील.