गालातला चट्टा आणि प्रकाशाची आच

प्रकाशाने तापणारे पदार्थ वापरून कर्करोग जाळायचा, ही कल्पना तोंडाच्या कर्करोगाला फार साजते. यकृतातली गाठ पाहायला यंत्र लागते. गालाच्या आतला चट्टा साध्या टॉर्चने दिसतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोचवायचे आणि त्यांच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारा, लाल रंगापलीकडचा लेसर सोडायचा. शरीराच्या पेशी हा प्रकाश फारसा शोषत नाहीत, सोने शोषते आणि तापते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये मुस्तफा अल-सय्यद यांच्या गटाने २००५-०६ मध्ये हे प्रयोग नेमके तोंडाच्या कर्करोगपेशींवरच केले. कण त्या पेशींना नेमके चिकटतील अशी सोय केली, तेव्हा निरोगी पेशी मारायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे निम्म्यातच रोगट पेशी मेल्या. अर्थात काचपात्रात. माणसांवरचे सोनेरी कणांचे पहिले ठळक निष्कर्ष २०१९ मध्ये आले, तेही पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे आणि मोजक्या रुग्णांचे.

मग तोंडासाठी अडते कुठे? हा प्रकाश मांसात फार तर सेंटिमीटरभर कामाचा उरतो. शिवाय मावा-गुटखा खाऊन ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या जबड्यामागे लेसरची तार फिरवणे सोपे नाही. पण खरी मेख मानेत आहे. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवून दिले, की तोंडातली गाठ लहान असली तरी मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. वाट पाहिली तर ६७.५ टक्के. म्हणजे गालातली गाठ उत्तम भाजली, तरी मानेत उतरलेल्या रोगाला ती आच पोचतच नाही. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून या उपचाराची जाहिरात कुणी करू लागले, तर तिथे थांबवायला हवे.

तर मग हे संशोधन फुकटच, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. एकदा किरणोपचार झालेल्या जागी रोग उलटला तर पुन्हा किरण देणे कठीण असते. उष्णतेला तशी आयुष्यभराची मर्यादा नसते. वरवरच्या, कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठीही ही आच अभ्यासण्याजोगी आहे. मात्र चट्टा वरवरचा असतानाच सापडला पाहिजे, आणि इथे प्रश्न प्रयोगशाळेतून थेट कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात येतो. मलकापूर-आंब्याच्या आसपास डोंगरात विखुरलेल्या वाड्यांत मशेरी लावणारी बाई किंवा तंबाखू मळणारा गडी तोंडातल्या पांढऱ्या डागासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कोल्हापूरला जाईल, ही अपेक्षा भाबडी आहे. दुखत नाही तोवर डाग हा आजारच वाटत नाही. तिशीपुढच्या सर्वांचे तोंड तपासायचे, हे सरकारी कार्यक्रमात आहेच. आशाताईंच्या फॉर्मवर तंबाखूचा रकानाही आहे. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या अशा तपासणीचा उपयोग किती, तेही मोजून झाले आहे: केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या चाचणीत, २००५ च्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यासाठी सोन्याचा एक कणही लागला नव्हता.