निवृत्तिवेतनाचे गणित : राजाजीनगरातील दोन महिने

महिनाअखेरीस खात्यात जमा होणारे निवृत्तिवेतन ही आपल्यापैकी अनेकांच्या घरातील नित्याची बाब आहे. पासबुकात नोंद होते, घरखर्चाची रक्कम काढली जाते आणि पुढचा महिना सुरू होतो. मात्र ही रक्कम आणखी किती वर्षे द्यावी लागेल, त्यासाठी आज किती निधी बाजूला ठेवला पाहिजे, निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात त्याच्या जोडीदाराची तरतूद काय, या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी कोणीतरी आकडेमोड करून शोधत असते. हे काम करणाऱ्या तज्ज्ञास ‘अ‍ॅक्च्युअरी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी विमागणितज्ञ असा शब्द आहे. संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर गेल्या उन्हाळ्यात अशाच एका लहानशा सल्लागार कार्यालयात दोन महिने उमेदवारी करण्याची संधी मला लाभली. हे कार्यालय बंगळुरूच्या राजाजीनगरात होते. तेथे जे पाहिले आणि शिकले, ते बँकेच्या ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना उपयुक्त वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कारखान्यांच्या सावलीतील उपनगर

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेले राजाजीनगर हे मूळचे कामगारांचे आणि लहानमोठ्या कारखानदारांचे उपनगर. आज तेथून मेट्रोची हिरवी मार्गिका जाते आणि डॉ. राजकुमार रस्त्यावर झगमगती दुकाने आहेत. परंतु आतल्या रस्त्यांवर लेथ यंत्रांचा आवाज अजूनही ऐकू येतो आणि राज्य कामगार विमा योजनेच्या मोठ्या रुग्णालयासमोर सकाळपासून कामगारांच्या कुटुंबांची रांग लागते. मराठी वाचकांस आणखी एक आपुलकीची गोष्ट सांगावीशी वाटते. किर्लोस्कर समूहाने १९४६ मध्ये बंगळुरूत विद्युत यंत्रांचा जो कारखाना उभारला, तो याच परिसरात होता. त्या जागेवर आता उंच इमारतींचे व्यापारी संकुल उभे आहे. कारखाने जागा बदलतात, काही बंदही होतात. त्यांतून निवृत्त झालेल्यांचे दरमहाचे देणे मात्र चालूच राहते. आमच्या कार्यालयाचे काम नेमके या देण्याशी निगडित होते.

उमेदवारीचा काळही मोक्याचा होता. ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि मे महिनाअखेरपर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्यांना आपले वार्षिक निकाल जाहीर करावे लागतात. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे वेतन आणि निवृत्तिवेतन यांचे दायित्व किती, हा आकडा विमागणितज्ञाकडून आल्याशिवाय लेखापरीक्षकांचे काम पुढे सरकत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे नावांच्या याद्या येऊन पडल्या.

विधवांच्या निधीपासून आरंभ

या शास्त्राचा इतिहास मोठा वाचनीय आहे. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचे असलेले एडमंड हॅले यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक कोष्टक तयार केले. अमुक वयाच्या शंभर माणसांपैकी पुढील वर्षी किती हयात असतील, हे त्यावरून सांगता येऊ लागले. पुढे १७४० च्या दशकात स्कॉटलंडमधील रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्यांच्या विधवांसाठी निधी उभारला. दरवर्षी किती धर्मोपदेशक निवर्ततील, त्यांतील किती जणांच्या मागे पत्नी असेल आणि ती किती वर्षे जगेल, याचा अंदाज बांधून त्यांनी वर्गणी ठरविली. मागे राहणाऱ्या स्त्रीची तरतूद हा निवृत्तिवेतनाच्या गणिताचा अगदी आरंभापासूनचा विषय आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने आयुर्विमा देण्यास प्रारंभ केला. तोवर परदेशी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत असत. विमागणितज्ञांची भारतीय संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली आणि २००६ च्या कायद्याने या व्यवसायास वैधानिक रूप आले. आज वापरली जाणारी मृत्युदराची कोष्टके भारतीय अनुभवावर बेतलेली आहेत. त्यांतही विमाधारकांचे कोष्टक निराळे आणि वर्षासन घेणाऱ्यांचे निराळे असते. आपली प्रकृती धडधाकट आहे असे ज्यांना वाटते, तेच बहुधा वर्षासन विकत घेतात आणि सरासरीपेक्षा अधिक जगतात, हे त्यामागील साधे कारण होय.

एका टक्क्याची किंमत

पदवी महाविद्यालयात चक्रवाढ व्याजाची सूत्रे शिकताना त्यांचे वजन जाणवत नाही. येथे ते पहिल्याच दिवशी जाणवले. वीस वर्षांनी एक लाख रुपये द्यावयाचे असतील, तर आज किती ठेवावे? व्याजदर आठ टक्के धरल्यास २१,४५५ रुपये पुरतात. तोच दर सात टक्के धरला, तर २५,८४२ रुपये लागतात. दरात एका टक्क्याचा फरक पडला आणि दायित्व सुमारे एक पंचमांशाने वाढले! म्हणूनच हा दर कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. लेखांकन मानक १५ नुसार ताळेबंदाच्या दिवशी सरकारी रोख्यांवर मिळणारा परतावा पाहून तो ठरवावा लागतो. जुन्या ग्राहकांना मुदत ठेवींचे दर उतरल्याची जी खंत वाटते, तीच चिंता निवृत्तिवेतन निधीलाही असते, फक्त मोठ्या प्रमाणावर.

व्याजदराखेरीज आणखी तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात : पगार दरवर्षी किती वाढेल, किती लोक मध्येच नोकरी सोडतील आणि किती लोक किती जगतील. प्रत्येक गृहीतकामागे कारण लिहून ठेवण्याचा आमच्या वरिष्ठ मॅडमचा दंडक होता. ‘आकडा कोणालाही काढता येतो, तो का घेतला हे सांगता आले पाहिजे,’ असे त्या वारंवार बजावीत.

एक जून

याद्या तपासण्याचे काम उमेदवाराकडे येते. ते कंटाळवाणे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सर्वाधिक शिकविले ते याच कामाने. एका जुन्या अभियांत्रिकी कारखान्याच्या यादीत सहाशेच्या आसपास नावे होती. जन्मतारखेनुसार ती लावली असता पन्नासहून अधिक माणसे एकाच तारखेला जन्मल्याचे दिसले. ती तारीख म्हणजे १ जून. संगणकाच्या दृष्टीने हा दोष होता. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही त्याचे कारण ठाऊक असते.

खातरजमा करण्यासाठी मॅडमसमवेत कारखान्याच्या आस्थापना विभागात जाण्याचा योग आला. तेथील वयोवृद्ध कारकून मूळचे बेळगावचे. मी पुण्याची आहे हे समजताच ते मराठीत बोलू लागले. ‘हे बघ बाळ, या तारखेला एवढी माणसं जन्मलेली नाहीत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख. आईला विचारलं तर ती सांगणार, मोठा पाऊस झाला त्या साली.’ त्यांनी सहजपणे सांगितलेल्या या गोष्टीत गणिताचा एक महत्त्वाचा धागा होता. नोकरीतून निवृत्ती कागदावरील वयानुसार मिळते, शरीर मात्र आपल्या खऱ्या वयानुसार थकते. ज्याचे वय कागदावर दोन वर्षांनी कमी लागले, तो दोन वर्षे अधिक काम करतो आणि त्याला निवृत्तिवेतन तेवढे उशिरा सुरू होते. आम्ही अर्थातच नोंदलेली तारीखच ग्राह्य धरली, कारण देणे तिच्यावरूनच ठरते; मात्र अहवालात ही बाब स्पष्टपणे नमूद केली.

त्याहून गंभीर गोष्ट निराळीच होती. जोडीदाराचा रकाना अनेक ठिकाणी कोरा होता आणि काहींच्या नामनिर्देशनात अद्याप आईचे नाव होते. नोकरीस लागताना अविवाहित तरुणाने आईचे नाव लिहावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु भविष्य निर्वाह निधीच्या नियमांनुसार विवाहानंतर पूर्वीचे नामनिर्देशन रद्दबातल ठरते आणि नव्याने भरावे लागते. कारकूनकाकांनी एका मशीन ऑपरेटरची हकिकत सांगितली. तो सेवेत असतानाच वारला. कागदावर नाव होते त्याच्याआधीच निवर्तलेल्या आईचे. त्याच्या पत्नीला वारसाचे दाखले, शपथपत्रे आणि कचेऱ्यांचे हेलपाटे यांत जवळजवळ दोन वर्षे घालवावी लागली. पैसे अखेर तिलाच मिळाले. परंतु मुलांच्या शाळेची ती दोन वर्षे तिने उसनवारीवर काढली. ‘एक फॉर्म होता फक्त,’ एवढेच काका शेवटी म्हणाले. त्या आठवड्यात कोऱ्या रकान्यांची यादी काढून मी विभागाकडे दिली आणि संबंधितांना नवे अर्ज भरण्यास बोलावण्यात आले.

बँकेच्या घरातील उदाहरण

हा विषय बँक कर्मचाऱ्यांच्या अगदी जवळचा आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत १९९५ च्या विनियमांनुसार निवृत्तिवेतन योजना लागू झाली. निधीच्या स्थितीची दरवर्षी ३१ मार्च रोजी विमागणितज्ञाकडून तपासणी करून घ्यावी आणि तूट असल्यास बँकेने ती भरून काढावी, अशी तरतूद त्यातच आहे. २०१० मध्ये पूर्वी हा पर्याय न स्वीकारलेल्यांना पुन्हा संधी देण्यात आली. त्यामुळे वाढलेले दायित्व इतके मोठे होते, की ते पाच वर्षांत विभागून दाखविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आहे. तीत जमा रक्कम निश्चित असते, मिळणारे निवृत्तिवेतन मात्र बाजारावर आणि वर्षासनाच्या दरावर अवलंबून राहते. दीर्घायुष्याची आणि व्याजदराची जोखीम तेथे कर्मचाऱ्याने स्वतः पेललेली असते, हे तरुण सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कुटुंब निवृत्तिवेतनाची कथा मला व्यक्तिशः जवळची वाटते, कारण माझे आजोबा बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या पश्चात आजीला ते मिळते. पूर्वी हे निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या १५, २० किंवा ३० टक्के असे टप्प्यांनी ठरे आणि त्यावर ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने सरसकट ३० टक्क्यांना मान्यता दिली आणि ही मर्यादा दूर झाली. आजीने तेव्हा प्रथमच औषधांची यादी मुलाकडे न देता स्वतः दुकानात नेली. त्या निर्णयाची दुसरी बाजू मी राजाजीनगरात समजून घेतली. आमच्या कामात पत्नी पतीहून तीन वर्षांनी लहान धरली जाई. स्त्रियांचे आयुर्मानही अधिक. म्हणजे पतीच्या निधनानंतर अनेक वर्षे चालणारे हे देणे असते. त्यासाठीचा वाढीव निधी बँकांना उभारावा लागला आणि याही वेळी तो पाच वर्षांत विभागण्यास रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली. ताळेबंदातील टिपणांत एका ओळीत दिसणारा तो आकडा अशा असंख्य घरांतील औषधांचा आणि किराण्याचा हिशेब आहे.

वाचकांसाठी चार गोष्टी

या अनुभवातून वाचकांस काही सूचना कराव्याशा वाटतात. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणचे नामनिर्देशन स्वतंत्र असते. ते तिन्ही एकदा तपासून घ्यावे. शाळेचा दाखला, आधार आणि सेवापुस्तक यांतील जन्मतारीख व नावाचे स्पेलिंग जुळते ना, हे निवृत्तीपूर्वी काही वर्षे आधीच पाहावे. निवृत्तिवेतनाच्या आदेशात जोडीदाराचे नाव व जन्मतारीख अचूक असावी आणि त्या आदेशाची प्रत जोडीदारास ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावाच. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल सोयीमुळे तो घरबसल्याही देता येतो आणि केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे.

जूनअखेर माझी उमेदवारी संपली. या व्यवसायाच्या परीक्षा कठीण आणि दीर्घकाळ चालणाऱ्या आहेत. प्रवेश परीक्षेची तयारी मी सुरू केली आहे. कारखान्याच्या त्या यादीतील कोरे रकाने जवळजवळ सर्व भरून आल्याचे मॅडमनी मागाहून कळविले.