शिंपले, चिंचोके आणि बालवाडी

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसोरी शिक्षणपद्धतीची विकतची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग मोजायला शिंपले नि बिया, रंग ओळखायला पानंफुलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथे गाणीगोष्टींइतकंच महत्त्व अंघोळीला, केस विंचरण्याला, नखं कापण्याला. (हाही अभ्यासक्रमच, हे अजून कित्येक पालकांच्या गळी उतरत नाही.) पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी नि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या, धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली.

हे झाले एका तालुक्यातले प्रयोग; देशपातळीवरची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली. तिच्या अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण मोफत मिळतं. मात्र हे सगळं जिच्या हातून होतं, त्या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. वजनं घेऊन, आहार वाटून, नोंदवह्या नि मोबाइलवरची माहिती भरून उरलेल्या वेळात ती शिकवते.