प्रोजेक्टरचा पडदा घेताय? आधी खिडकी बघा, मग शेवटचा बाक मोजा

भाईंदर : शाळा असो, सोसायटीची सभा असो की घरातला हॉल, प्रोजेक्टर घेताना सगळं लक्ष मशीनवर असतं आणि पडदा शेवटी उरलेल्या पैशात येतो. मग दुपारी चित्र फिकट दिसतं, मागच्यांना अक्षरं लागत नाहीत आणि लोकवर्गणीतून घेतलेली वस्तू कपाटात जाते. ठाणे जिल्ह्यातच शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल वर्गाची वाट दाखवली. त्यानंतर गावोगावी प्रोजेक्टर आले. तो खर्च वाया जाऊ नये म्हणून पडद्याचं गणित समजून घ्यायला हवं.

*खिडकी पहिली*

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा भाग म्हणजे जिथे उजेड पडला नाही तो पडदा. खोलीत ऊन आलं की तो भाग राखाडी होतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. त्यामुळे महागड्या पडद्याआधी खिडकीला जाड, गडद पडदे लावा. पडद्याजवळची ट्यूब बंद ठेवा, मागची चालू राहिली तरी चालते. म्हणजे मुलांना वहीत लिहिता येतं.

*माप कसं काढायचं?*

दुकानात सांगतात तो इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. आजच्या रुंद म्हणजे 16:9 आकारात 100 इंची पडदा साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. जुन्या प्रोजेक्टरचा आकार बहुतेक 4:3, तर ऑफिसमधल्या बऱ्याच मशीनचा 16:10 असतो. आकार जुळला नाही तर कडेला पट्टे रिकामे राहतात.

*वर्गासाठी :* पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला 6 ने भागा. तेवढी पडद्याची उंची किमान हवी. अंतर 18 फूट असेल तर उंची 3 फूट, म्हणजे 16:9 मध्ये साधारण 75 इंची पडदा. मुलं बाकावर बसत असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांच्या आसपास ठेवा, नाहीतर पुढच्यांची डोकी आड येतात.

*सभेसाठी :* सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, ग्रामपंचायतींच्या ग्रामसभाही असतात. तिथे जमाखर्चाचे बारीक आकडे दाखवायचे असतात. त्यासाठी अंतराला 4 ने भागा. शेवटची खुर्ची 24 फुटांवर असेल तर 6 फूट उंच पडदा लागेल, तो परवडणारा नाही. त्यापेक्षा एका वेळी सात-आठ ओळीच मोठ्या अक्षरात दाखवा आणि पूर्ण हिशोब छापून वाटा. आकडा दिसला नाही तर प्रश्न कोण विचारणार?

*घरासाठी :* मीरा-भाईंदरच्या इमारतींत हॉल लहान असतात. साध्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतर लागतं. 80 इंची चित्राची रुंदी पावणेसहा फूट, म्हणजे मशीन पावणेनऊ फूट मागे हवं. दहा फुटी हॉलमध्ये 100 इंच बसत नाही. आपल्या मशीनचं अंतर माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

*मोठा म्हणजे चांगला नव्हे*

100 ऐवजी 150 इंची पडदा घेतला तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, पण उजेड तेवढाच. म्हणजे चित्राचा उजेड निम्म्याहून कमी होतो. स्वस्त मशीनच्या खोक्यावर ल्युमेनचे मोठमोठे आकडे असतात. त्यात 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' ल्युमेन किती, तेच विचारा.

*कापड कोणतं?*

बहुतेकांना साधा मॅट पांढरा पडदा पुरतो, कारण तो सगळ्या बाजूंनी सारखा दिसतो. जास्त 'गेन'चा चकचकीत पडदा समोरून उजळ दिसतो, पण कडेला बसलेल्यांना अंधुक. वर्गात तो नको. पाठीमागे काळा थर आणि कडेला काळी किनार असलेला बघा. भिंतीला अगदी चिकटून ठेवायच्या शॉर्ट-थ्रो मशीनला ताणलेला, सपाट पडदाच लागतो. ओढायच्या पडद्यावरच्या लाटा त्यात लगेच उठून दिसतात.

वीज जाते तिथे मोटारीचा पडदा अर्ध्यावर अडकू शकतो, हाताने ओढायचा बरा. उत्तन, चौकसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने बुरशी आणि गंज धरतो. तिथे पडदा ओला असताना गुंडाळू नका, पावसाळ्यात अधूनमधून उघडून वाळवा.

पैसे कमी असतील तर गुळगुळीत भिंतीला मॅट पांढरा रंग द्या. ऑइलपेंट नको, तो चमकतो. चादरीतून उजेड आरपार जातो, ती तात्पुरतीच. आणि खरेदीआधी एकदा तरी प्रोजेक्टर दुपारी दोन वाजता आपल्याच खोलीत लावून, शेवटच्या बाकावर बसून बघा. तिथून वाचता आलं, तरच पैसे द्या.